अगत्तीच्या खडकातला तो काळपट मासा

प्रश्न थोडक्यात असा. लक्षद्वीपमध्ये अगत्तीच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात, स्नॉर्केलिंग करताना, दोन-तीन मीटर खोलीवर, मेलेल्या-जगलेल्या प्रवाळाच्या एका ढिगाऱ्याशी तळहातापेक्षा लहान, गडद तपकिरी मासा दिसला. पोटाखालच्या परांना झळझळीत निळी किनार. दिसला म्हणेपर्यंत फटीत, त्या फटीतून दुसऱ्या फटीत. फोटो एकच मिळाला, तोही धूसर. बरोबरचा गाइड ‘डॅमसेल’ (प्रवाळातल्या छोट्या माशांचं एक कुळ) म्हणाला, ते पटत नाही. तर हा मासा कोणता, आणि घरच्या समुद्री टाकीत ठेवता येईल का?

उत्तर आधी सांगून टाकते, घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. तो डॅमसेल नाही. तो बुटक्या एंजलफिशांपैकी एक आहे, आणि माझ्या मते सेंट्रोपायजी मल्टिस्पिनिस, ज्याला डस्की एंजलफिश म्हणतात. फोटो धूसर असला तरी कल्ल्याच्या वरच्या टोकाशी एक काळा डाग त्यात दिसतो, कुणी बुक्क्याचं बोट टेकवावं तसा. तपकिरी अंग, खालच्या परांची निळी कड आणि हा डाग, तिन्ही एकत्र आले की लक्षद्वीपमध्ये मला दुसरं नाव सुचत नाही. टाकीचं म्हणाल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. त्याची कारणं शेवटी.

गाइडवर रागावू नका. तो चुकला तो रंगामुळे. छोटा, काळपट, खडकाशी घोटाळणारा मासा म्हणजे डॅमसेल, हे समीकरण दहातल्या नऊ वेळा बरोबरच निघतं. पण प्रवाळातल्या माशांची ओळख पटवताना रंग सगळ्यात शेवटी पाहायचा, ही सवय मला बऱ्याच फजितीनंतर लागली. आधी अंगाची घडण, मग चाल, मग जागा, आणि राहिलीच शंका तर रंग.

एक घोळ आधी निस्तरते. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात ‘एंजल’ मागितला की चपटा, लांब परांचा गोड्या पाण्यातला मासा पिशवीत येतो. तो अॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला. समुद्रातल्या एंजलफिशांशी त्याचं नाव सोडून काही नातं नाही. समुद्रातल्या या कुळात ९० च्या आसपास जाती आहेत. मालवण, ग्रँड आयलंड किंवा नेत्राणीला डायव्हिंग केलेल्यांनी त्यातला निळ्या कमानींचा आणि खांद्यावर निळ्या कड्याचा मोठा मासा पाहिला असेल. तो पोमाकँथस अॅन्युलॅरिस, चांगला फूटभर वाढणारा. बुटक्यांची जात वेगळी. सेंट्रोपायजी हे त्यांचं गोत्र जर्मन प्राणिशास्त्रज्ञ काउप यांनी १८६० मध्ये वेगळं काढलं. त्यातले बहुतेक मासे बोटाच्या लांबीचे असतात. तुमचा मल्टिस्पिनिस त्यांच्यात थोराड म्हणायचा, फार तर १४ सेंटीमीटरपर्यंत जातो.

आता घडण. एंजलफिशची खरी सही त्याच्या गालावर असते. कल्ल्याच्या झाकणाच्या पुढे एक हाड असतं, त्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक जाडसर काटा मागे वळलेला निघतो. पोमाकँथस या नावाचा अर्थही ‘झाकणावरचा काटा’ असाच. फुलपाखरू माशांच्या गालावर असा काटा नसतो आणि डॅमसेलच्या तर नसतोच. पाण्यात तो दरवेळी दिसेल असं नाही, पण फोटो मोठा करून डोळ्याच्या खाली आणि किंचित मागे पाहा. प्रकाश नीट पडला असेल तर नखाएवढी टोकदार कड दिसते. टाकीवाल्यांना हा काटा वेगळ्या तऱ्हेने माहीत असतो. जाळीने मासा उचलायला गेलात की काटा जाळीत अडकतो, मासा धडपडतो आणि गाल फाडून घेतो. म्हणून जाणकार माणूस एंजलफिशला जाळी लावत नाही, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून पाण्यासकट उचलतो.

मल्टिस्पिनिस हे नावही काट्यांवरूनच आलं आहे, ‘बहुकंटक’ म्हणा हवं तर. झांझिबारमध्ये ब्रिटिशांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या प्लेफेअरने १८६७ मध्ये ही जात नोंदवली. कचेरीतली कामं सांभाळून मासे गोळा करणारे असे लोक त्या काळी बरेच होते. ही जात तांबड्या समुद्रापासून पूर्व आफ्रिका, मालदीव, श्रीलंका करत अंदमानपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे ही पुरती हिंदी महासागरातली, पॅसिफिकमधली नव्हे. नाव ठरवताना हे फार कामाला येतं. इंटरनेटवर फोटो टाकून शोध घेतला की हवाई आणि फिजीतले मासे समोर येतात, आणि नवखा माणूस त्यांत आपला मासा ओढूनताणून बसवतो. आधी समुद्र तपासा, मग चेहरा.

चाल ही माझी सगळ्यात आवडती खूण, आणि तुमच्या वर्णनातही मला तिच्यावरूनच खात्री पटली. शेवाळाची ‘शेती’ करणारा डॅमसेल स्वतःच्या तुकड्याचा मालक असतो. तुम्ही जवळ गेलात तर तो तुमच्यावर धावून येतो, मास्कच्या काचेवर धडकायलाही कमी करत नाही. हातभर जागेत तो दिवस काढतो. बुटका एंजलफिश भांडखोर आहे, पण ते आपल्या भाऊबंदांशी. माणूस आला की तो आडोशाला जातो, आणि पूर्ण पळून न जाता दुसऱ्या फटीतून डोकं काढून बघतो. त्याची ठरलेली फेरी असते. दोन चोची मारल्या, पुढे सरकला, कुशीवर कलून कपारीच्या छतावरचं काहीतरी खुडलं, पुन्हा पुढे. तोंडात बारीक ब्रशसारखे दात, त्यांनी शेवाळ, त्यात अडकलेला गाळ आणि अधूनमधून स्पंजाचा कण खरवडायचा, हा दिवसभराचा उद्योग. या सगळ्यात तो आडोशापासून स्वतःच्या दोन-चार लांबींच्या पलीकडे क्वचितच जातो.

म्हणून त्याचा पाठलाग करून फोटो मिळत नाही. ढिगाऱ्यापासून तीन-चार मीटरवर, फिन न हलवता, तरंगत राहा. श्वास शांत ठेवा. पाचेक मिनिटांत तो त्याच वाटेने परत येतो, कारण त्याला फेरी पुरी करायची असते. बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटाला कंटाळतात.

जागेबद्दल फार लिहीत नाही. मल्टिस्पिनिसला स्वच्छ उभा प्रवाळ लागतोच असं नाही. लगूनमधले ढिगारे, तुटलेल्या फांद्यांचा खच, बाहेरचा उतार, जिथे भोकं आणि शेवाळ दोन्ही आहेत तिथे तो राहतो, साधारण ३० मीटर खोलीपर्यंत. अगत्तीचा ढिगारा त्यात चपखल बसतो.

आणि आता रंग, तो शेवटी का, ते. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाच मीटरवर लाल फिका पडतो, दहा-बारा मीटरवर जवळजवळ संपतो. कोरल ब्यूटी म्हणून विकला जाणारा सेंट्रोपायजी बिस्पिनोसा घ्या. टाकीच्या दिव्याखाली त्याच्या केशरी-तांबड्या कुशी आणि जांभळी कडा पाहून माणूस खुळावतो. तोच मासा खोलवर, दिव्याशिवाय पाहिला तर काळपट निळा ठिपका. शिवाय या जातीत एक मासा जवळजवळ पूर्ण जांभळा, दुसरा जवळजवळ पूर्ण केशरी असा फरक असतो. रंगावर भिस्त ठेवणारा इथे दोन जाती मोजून मोकळा होईल.

मग तुमच्या माशाबद्दल मी रंगावर बोलतेच कशी? घडण, चाल आणि जागा यांनी यादी दोन-तीन नावांवर आणली, तेव्हा कुठे रंगाला विचारलं. मालदीव-श्रीलंका भागात सेंट्रोपायजी फ्लॅविपेक्टोरॅलिस नावाचा चुलतभाऊ आहे, १९७७ मध्ये रँडल आणि क्लाउझेविट्झ यांनी नोंदवलेला. तोही गडद, पण त्याचे कुशीचे पर पिवळे. तुमच्या फोटोत ते पर पिवळे नाहीत. कोरल ब्यूटीच्या कुशीवर काळसर उभ्या रेघोट्यांची गर्दी असते आणि कल्ल्यामागचा तो सुटा, ठसठशीत डाग नसतो. मल्टिस्पिनिसच्या अंगावरही बारीक उभ्या रेघा असतात, पण त्या तपकिरीत बुडून जातात. नजरेत भरते ती खालच्या परांची निळी कड, आणि जवळ गेल्यावर तो डाग.

लहान आहे म्हणून बुटका, असंही धरून चालू नका. मोठ्या एंजलफिशांची पिल्लंही बोटभरच असतात, फक्त त्यांचा वेश वेगळा असतो. काळ्या-निळ्या अंगावर पांढऱ्या, निळ्या वक्र रेषा. मालवणला कुणी ‘बुटका एंजल दिसला’ म्हणून फोटो पाठवला की तो बहुतेक वेळा अॅन्युलॅरिसचं पोर निघतो. पुढे तोच मासा अंगावरचं सगळं पुसून आईबापांचे रंग घेतो.

रंगाने मला केवढा चुना लावला ते इथे सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी डायव्हिंग शिकायच्या आधी, घरी समुद्री टाकी होती. एका विक्रेत्याकडे लेमनपील एंजलफिश स्वस्तात मिळाला. लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक. आणला, सोडला, चारचौघांना बोलावून दाखवला. तो वाढत गेला, थांबेचना. मग पिवळा रंग मळायला लागला, तोंडाजवळ काळं आलं, शेपटीची गोलाई गेली आणि तिला टोकं फुटली. वर्षभरात टाकीत एक तपकिरी सर्जनफिश फिरत होता. अकँथुरस पायरोफेरस, लहानपणी लेमनपीलची हुबेहूब नक्कल करणारा. विक्रेत्याने मुद्दाम फसवलं की तोही फसला होता, देव जाणे. पण मी जर पहिल्याच दिवशी गाल पाहिला असता तर काटा नाही हे दिसलं असतं. सर्जनफिशचा काटा गालावर नसतो, शेपटीच्या देठावर असतो. शिवाय खऱ्या लेमनपीलच्या डोळ्याभोवती निळं कडं असतं, तेही नव्हतं. लिंबू घ्यायला गेले आणि चॉकलेट घेऊन आले, असं घरात अजून म्हणतात. या सर्जनफिशचं प्रचलित नाव खरोखरच चॉकलेट सर्जनफिश आहे.

हीच नक्कल आपल्या अंदमानातही पाहायला मिळते. तिथे सेंट्रोपायजी आयब्ली हा देखणा मासा आहे. राखाडी अंगावर केशरी बारीक उभ्या रेघा, मागचा भाग आणि शेपटी काळी. क्लाउझेविट्झ यांनी १९६३ मध्ये निकोबारच्या नमुन्यावरून त्याची नोंद केली आणि समुद्रतळाचे चित्रीकरण करणाऱ्या हान्स हास यांच्या ‘झारिफा’ जहाजाच्या मोहिमेवर असलेल्या आयब्ल-आयबेसफेल्ट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. अकँथुरस ट्रिस्टिस या सर्जनफिशची पिल्लं या आयब्लीचा वेश घेऊन फिरतात. स्वराज द्वीपला डायव्ह केलीत तर अशा रेघांच्या प्रत्येक माशाचा गाल आणि शेपटीचा देठ पाहा. गंमत अशी की आयब्ली विषारी नाही, मग त्याची नक्कल करून फायदा काय? दिलं जाणारं एक कारण असं, की क्षणात फटीत शिरणाऱ्या, गालावर काटा असलेल्या माशामागे शिकारी मासे फारसे लागत नाहीत. दुसरं मला जास्त पटतं. शेवाळाची राखण करणारे डॅमसेल सर्जनफिशला शत्रू समजून हुसकावतात, पण बुटक्या एंजलला त्या मानाने खपवून घेतात. एंजलचा वेश म्हणजे दुसऱ्याच्या शेतात चरायचा परवाना. पोर मोठं झालं, फटीत मावेनासं झालं, की सोंग टिकत नाही आणि रंग उतरतो.

आणि जिथे गाल, काटा, चाल सगळं जुळूनही नाव ठरत नाही, अशी जागाही आहे. जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस आयलंड नावाचं बेट आहे, जिथे हिंदी महासागरातले आणि पॅसिफिकमधले मासे समोरासमोर येतात. तिथे आयब्ली, लेमनपील आणि अर्धा काळा असलेला सेंट्रोपायजी व्रोलिकी हे तिघे आपसात संकर करतात. अर्धवट पिवळे, अर्धवट रेघांचे, शेपूट एकाचं आणि डोळा दुसऱ्याचा असे मासे तिथे सापडतात. अशा माशाचा फोटो कुणी पाठवला तर मी ‘या दोघांच्या मधला’ एवढंच लिहिते. नाव दिलंच पाहिजे असा हट्ट धरण्यात अर्थ नसतो.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण नर की मादी हा प्रश्न पुढे येईलच. सेंट्रोपायजीचे मासे आधी मादी म्हणून वाढतात. एक नर, त्याच्या हद्दीत दोन-चार माद्या, आणि माद्यांमध्येही थोरली-धाकटी ठरलेली. नर मेला किंवा कुणी पकडून नेला, की थोरली मादी काही आठवड्यांत नर होते. आधी वागणं बदलतं, मग शरीर. काही जातींत उलट फिरल्याचंही टाकीत पाहिलं गेलं आहे, म्हणजे नराला दुसऱ्या दांडग्या नराबरोबर ठेवलं तर तो पुन्हा मादी होतो. मल्टिस्पिनिसमध्ये रंगावरून नर-मादी सांगायला मी जात नाही. गटातला सगळ्यात मोठा, सगळ्यांकडे फेरी मारून येणारा, तो नर, एवढं धरते.

यांचं मीलन पाहायचं असेल तर सूर्यास्ताच्या आसपासचा अर्धा तास गाठावा लागतो. दिवसभर फट न सोडणारा हा मासा त्या वेळी ढिगाऱ्याच्या वर येतो. नर पर ताठ करून मादीभोवती घिरट्या घालतो, तिच्या पोटाशी तोंड लावून तिला हळूहळू वर ढकलतो, आणि तळापासून काही हात उंचीवर क्षणभर सगळं घडतं. अंडी पाण्यात सुटतात, दोघं बाणासारखे खाली येतात. डॅमसेल खडकावर अंडी चिकटवून राखण करतात. इथे राखणीचा प्रश्नच नाही. मिलिमीटरपेक्षा लहान, तरंगती अंडी प्रवाहाबरोबर जातात आणि दिवसभरात फुटतात. पिल्लं महिनाभर किंवा त्याहूनही जास्त उघड्या समुद्रात काढतात. तुमच्या ढिगाऱ्यातला मासा अगत्तीच्याच आईचा असेल याची काही खात्री नाही.

यावरूनच टाकीकडे येते. ती पिल्लं इतकी बारीक, की नेहमीच्या टाकीतल्या पिल्लांना घालतो ते रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवही त्यांच्या तोंडात मावत नाहीत. हवाईत फ्रँक बेन्श यांनी या शतकाच्या सुरुवातीला कोपेपॉड या इवल्या कवचधारी जीवांची नुकती जन्मलेली पिल्लं खाऊ घालून बुटके एंजल पहिल्यांदा वाढवून दाखवले. तरी आज बाजारात येणारे बहुतेक समुद्रातूनच पकडलेले असतात. फिलिपिन्ससारख्या ठिकाणी फटीतले मासे काढायला सायनाइड फवारायची खोड जुनी आहे. असा मासा दुकानात छान दिसतो, खातोही, आणि दोन-तीन आठवड्यांत काही कारण न दिसता मरतो. ‘मी काय चुकलो’ असं विचारणाऱ्या किती जणांना मी सांगितलं असेल, की चूक तुमच्या घरी यायच्या आधीच झाली होती.

तुम्ही लक्षद्वीपहून मासा आणायचा विचार करत असाल तर तो इथेच सोडा. आणि टाकी सजवायला तिथला प्रवाळाचा तुकडा उचलणं हा तर सरळ गुन्हा आहे. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मल्टिस्पिनिस स्वतः धोक्यात नाही, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो कमी चिंतेच्या गटात आहे. पण त्याला लागतो तो शेवाळाने माखलेला, भोकाभोकांचा जुना खडक, आणि तोच आपल्याकडे कायदेशीर मार्गाने मिळणं अवघड. नव्या, कोऱ्या टाकीत हा मासा खुडायला काही नाही म्हणून खंगतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन लागतो, आणि त्यावर तांब्याचं औषध द्यावं तर तेही त्याला जेमतेमच सोसतं. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर लागतो, त्याचं वीजबिल वेगळं.

हे सगळं वाचूनही हौस असेलच, तर निदान ४०० लीटरची, वर्षभर मुरलेली टाकी, टाकीत वाढवलेला मासा, आणि एका टाकीत एकच बुटका एंजल. दोन ठेवलेत तर दुसरा कोपऱ्यात पंपामागे लपून राहतो आणि मग एके सकाळी नसतो.

पुढच्या खेपेला तोच ढिगारा पुन्हा गाठा. हे मासे सहसा जागा सोडत नाहीत, त्यामुळे भेटण्याची शक्यता चांगली आहे. फोटो काढताना मासा कुशीवरून, डोकं स्पष्ट येईल असा घ्या. शेपटीचा सुंदर फोटो मला काही उपयोगाचा नाही. आणि मावळतीला पाण्यात उतरायचं असेल तर बोटवाल्याशी सकाळीच बोलून ठेवा, बरेच जण चारनंतर बोट काढत नाहीत.